आटे गेले म्हणजे फ्रेम गेली नाही

"आटे गेलेत, आता फ्रेमच बदलावी लागेल." गिअरची सायकल चालवणाऱ्याला हे वाक्य कधी ना कधी ऐकावं लागतं. मागच्या ब्रेकचा कॅलिपर बसवताना बोल्ट नुसताच फिरायला लागतो, घट्ट होत नाही. बाहेर काढला की त्याच्या आट्यांत अडकलेली ॲल्युमिनियमची बारीक, चकचकीत तार दिसते. समोरचा माणूस ती तार बघतो आणि तिथल्या तिथे निकाल देऊन टाकतो. सायकल 30-40 हजारांची, नळ्या सरळ, रंग शाबूत, चाकं नीट धावणारी. पण 6 मिलिमीटरच्या एका भोकापायी तिच्यावर फुली पडते.

हा निकाल चूक आहे. जरा घाईचा आहे किंवा जरा जास्तच सावध आहे, एवढंच मी म्हणत नाही. धातुकामाच्या दृष्टीने तो साफ चूक आहे. आणि ज्या जिल्ह्यात ट्रॅक्टरची हेडं, उसाच्या मळ्यातले पंप आणि मोटारसायकलींची इंजिनं रोज उघडली आणि पुन्हा उभी केली जातात, त्या जिल्ह्यात तो दिला जावा आणि लोकांनी मुकाट्याने ऐकून घ्यावा, हे मला पटत नाही. हा जिल्हा म्हणजे नगर. शहराचं आणि जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे. बोलण्यात मात्र नगर रुळलेलं आहे, म्हणून इथेही तसंच लिहितो.

आधी आटे जातात म्हणजे नेमकं काय होतं ते पाहू, कारण सगळी गफलत तिथेच होते. ब्रेकच्या 6 मिलिमीटरच्या बोल्टला कंपन्या साधारण 6 ते 8 न्यूटन-मीटर पीळ सांगतात. साध्या भाषेत, दहा सेंटिमीटरच्या ॲलन कीच्या टोकाला सहा ते आठ किलोचा जोर. ऐकायला हे काहीच वाटत नाही. पण आट्याचा उतार अतिशय कमी असल्याने एवढ्याशा पिळाने बोल्टमध्ये जी ओढ तयार होते ती जवळपास अर्ध्या टनाची असते. आता कोणी त्याच कीवर फूटभर पाइप चढवला आणि "अजून एक वेढा" म्हणून दाब दिला, तर तितक्याच मनगटाच्या जोरात ही ओढ तिप्पट होते. बोल्ट पोलादाचा आणि फ्रेम ॲल्युमिनियमची, म्हणजे हार कोणाची होणार हे ठरलेलंच असतं. त्यातही भार सगळ्या आट्यांवर सारखा वाटला जात नाही. बोल्टच्या डोक्याकडचा पहिला आटा एकटाच साधारण एक तृतीयांश भार उचलतो आणि पहिले तीन मिळून निम्म्याहून बराच जास्त. पहिला सुटला की त्याचा वाटा दुसऱ्यावर जातो, मग तिसऱ्यावर. म्हणून आटे एकेक करून जात नाहीत, एकदा सुरुवात झाली की सगळी ओळच सुटते आणि हाताला एकदम हलकं लागतं.

यात फ्रेमचं काय बिघडलं? 6 मिलिमीटरच्या बोल्टच्या आट्याची खोली अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त असते. तेवढा थर भोकाच्या भिंतीवरून सोलला गेला, बस्स. नळी वाकलेली नाही, सांधा उकललेला नाही, कारखान्यात भट्टीत घालून फ्रेमला जी ताकद दिली होती ती जशीच्या तशी आहे. एका दाताला कीड लागली म्हणून कोणी जबडा काढा म्हणत नाही. इथे मात्र तसंच सांगितलं जातं, आणि तेही गळ्यात टॉर्क रेंच अडकवलेल्या माणसाकडून.

शिवाय पुष्कळदा गेलेला आटा फ्रेमचा नसतोच. जुन्या पद्धतीच्या डिस्क ब्रेकच्या बैठकीत फ्रेमला दोन आरपार साधी भोकं असतात, एकमेकांपासून 51 मिलिमीटरवर. आटे असतात ते मधल्या ॲडॉप्टरमध्ये. आटे गेले तर तो ॲडॉप्टर बदलायचा, विषय संपला. मागचा डिरेलर ज्या हँगरवर लटकतो तो बहुतेक ॲल्युमिनियम फ्रेमना वेगळा असतो आणि एक-दोन स्क्रू काढून बदलता येतो. तो मुद्दामच मऊ आणि बदलता येईल असा केलेला असतो, पडल्यावर त्याने मोडावं आणि फ्रेम वाचावी म्हणून. बाटलीच्या स्टँडचे 5 मिलिमीटरचे आटे तर नळीत कापलेलेच नसतात. पातळ नळीला आत रिव्हेट नट ठोकलेला असतो. तो गेला की ड्रिलने काढायचा आणि 7 मिलिमीटरच्या भोकात नवा ओढायचा. बसची आणि टेम्पोची बॉडी बांधणारे हे काम दिवसभर करतात. तेव्हा "फ्रेम गेली" म्हणण्याआधी निदान गेलेला आटा कशात होता एवढं तरी बघायला हवं. मी ज्या दुकानांत हा निकाल ऐकला आहे, तिथे तेवढंही बघितलं गेलं नव्हतं.

आता खऱ्या अवघड जागेकडे येतो. नव्या फ्रेममध्ये ब्रेकचा कॅलिपर थेट फ्रेमवर बसतो आणि 6 मिलिमीटरचे आटे फ्रेमच्याच धातूत कापलेले असतात. हे गेले तर? याचं उत्तर म्हणजे कॉईल. गॅरेजमध्ये कोणी स्प्रिंग म्हणतं, कोणी हेलिकॉईल, वस्तू एकच. स्टेनलेस स्टीलची चौकटाच्या आकाराची तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. तिच्या बाहेरच्या कडा एक आटा बनवतात आणि आतल्या कडा दुसरा.

काम कसं होतं ते एकदा डोळ्यांनी पाहावं. फ्रेम व्हाइसमध्ये नळीला धरून आवळत नाहीत. लाकडी गुटके लावून अशी आडवी ठेवतात की ब्रेकची बैठक अगदी आडव्या पातळीत येईल. खराब भोक 6.3 मिलिमीटरच्या ड्रिलने साफ करतात. हाताच्या ड्रिलमध्ये दोन अंशांनी कललं तरी कॅलिपर तिरका बसतो, म्हणून जाणता फिटर उभ्या ड्रिल मशिनशिवाय याला हात लावत नाही. मग कॉईलचा खास टॅप येतो, नेहमीच्या 6 मिलिमीटरच्या टॅपपेक्षा जाड. दोन थेंब रॉकेल, कारण ॲल्युमिनियमला रॉकेल मानवतं. अर्धा वेढा पुढे, पाव वेढा मागे. मागे घेताना आत कुरकुर ऐकू येते, ती कीस तुटल्याची. हा पाव वेढा ज्याने टाळला त्याचा टॅप भोकात तुटतो, आणि कडक पोलादाचा तुटलेला टॅप काढणं हे मूळ दुखण्याहून मोठं दुखणं. भोक हवेने फुंकून, पुसून कोरडं झालं की कॉईल तिच्या हत्यारावर चढवून आत पिळत न्यायची, वरच्या काठाच्या अर्धा आटा खाली. कॉईल मोकळी असताना भोकापेक्षा किंचित मोठी असते, त्यामुळे आत गेल्यावर ती बाहेरच्या बाजूला दाब देऊन स्वतःच स्वतःला धरून ठेवते. खाली एक छोटी आडवी शेपटी असते, ती ठोकून तोडायची आणि चिमट्याने बाहेर काढायची. नवा बोल्ट, जरासं ग्रीस, आणि आता बोल्ट असा जातो की पहिल्या दिवशीही तसा गेला नसेल. सगळं मिळून तासाभराचं काम, त्यातला बराचसा वेळ सायकल नीट धरण्यात जातो.

"पण दुरुस्त केलेला आटा मूळच्यासारखा मजबूत कसा असेल?" हा आक्षेप नेहमी येतो, तो मनापासून असतो, आणि त्याला पुरेसं उत्तर दिलं पाहिजे. तो मूळच्यासारखा नसतो, त्याहून मजबूत असतो. 6 मिलिमीटरच्या बोल्टचे आटे फ्रेमच्या धातूला सुमारे 6 मिलिमीटर व्यासावर धरून होते. कॉईल त्याच धातूला सुमारे 7.3 मिलिमीटर व्यासावर धरते. व्यास वाढला की कापला जाणारा धातूचा घेर वाढतो, म्हणजे पकड वाढते. शिवाय बोल्ट आता स्टेनलेसवर घासतो, मऊ ॲल्युमिनियमवर नाही, म्हणून पुन्हापुन्हा काढ-घाल केली तरी झीज नगण्य. कॉईल लवचीक असल्याने पहिल्या आट्यावर एकवटणारा भारही खालच्या आट्यांत जास्त बरा वाटला जातो. हे केवळ दुरुस्तीचं तंत्रही नाही. विमानांच्या ॲल्युमिनियम भागांत, जिथे बोल्ट वारंवार उघडावे लागतात, तिथे अशा कॉईल नव्या भागातच पहिल्या दिवसापासून बसवतात. ज्या गोष्टीवर विमान बनवणारे विसंबतात ती चांदबिबी महालाचा चढ चढणाऱ्या सायकलीला अपुरी पडेल, असं सांगणाऱ्याने त्यामागचं कारणही सांगावं.

"ब्रेकचा बोल्ट आहे, जिवाशी खेळ नको" असं म्हटलं की समोरचा गप्प होतो, म्हणून हे वाक्य फार वापरलं जातं. जिवाशी खेळ नकोच. पण बोल्ट ठरलेल्या पिळापर्यंत घट्ट करणं हीच त्या आट्याची पहिली परीक्षा असते. टॉर्क रेंचने 8 न्यूटन-मीटरपर्यंत नेला आणि तो टिकला, म्हणजे अर्ध्या टनाहून अधिक ओढ त्या आट्यांनी तुमच्या डोळ्यांदेखत सहन केली. मग बोल्टच्या डोक्यापासून कॅलिपरवर नेलपॉलिशची एक रेघ ओढायची. पहिल्या फेरीनंतर, मग डोंगरगणचा उतार उतरून आल्यावर ती रेघ तुटली आहे का बघायचं. तुटली नाही तर बोल्ट हलला नाही. ही तपासणी ज्याला येते त्याला भीती घालून फ्रेम विकता येत नाही.

आता सगळ्यात पोकळ युक्तिवाद: "आपल्या भागात हे काम करणारं कोणी नाही." इथे मला राग येतो, आणि तो लपवायची गरज मला वाटत नाही. नगर-दौंड रस्त्यावर कायनेटिक इंजिनिअरिंगचा कारखाना उभा राहिला आणि 1972 साली लूना बाजारात आली. या शहरातल्या कामगारांच्या दोन पिढ्या ॲल्युमिनियमचे भाग कापण्यात, त्यांना आटे मारण्यात आणि ते जुळवण्यात वाढल्या. नागापूरच्या एमआयडीसीत क्रॉम्प्टन आणि लार्सन अँड टुब्रोचे कारखाने चालले. त्यांच्या आजूबाजूला त्यांचे सुटे भाग करणारी लहान लहान वर्कशॉप उभी राहिली. लष्करी वाहनांच्या चाचण्या घेणारी व्हीआरडीई इथलीच. रणगाड्यांच्या दलाचं प्रशिक्षण केंद्र इथलंच, आणि 1994 पासूनचं रणगाड्यांचं संग्रहालयही. ज्या शहरात रणगाड्यांची डागडुजी शिकवली जाते त्या शहरात 6 मिलिमीटरचा आटा मारणारा हात नाही, हे बोलणं त्या हातांचा अपमान आहे. हात आहेत. फक्त सायकलवाला त्यांच्याकडे जात नाही, कारण सायकलचं काम सायकलच्याच दुकानात करायचं असं त्याने ठरवून टाकलं आहे.

एक उदाहरण देतो, त्याने बहुतेक शंका मिटाव्यात. स्प्लेंडरचा स्पार्क प्लग 10 मिलिमीटर व्यासाचा असतो आणि त्याच्या आट्यांचं अंतर 1 मिलिमीटर. तो ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये बसतो. गरम इंजिनमध्ये घाईने काढला की हेडचे आटे सोलले जातात, आणि हे महाराष्ट्राच्या प्रत्येक तालुक्यात रोज घडतं. राहुरी, नेवासा, शेवगाव, पाथर्डी, कुठल्याही स्टँडसमोरचा मेकॅनिक अशा वेळी हेड फेकून देत नाही. आटे थोडे खराब असतील तर टॅप फिरवून साफ करतो, पूर्ण गेले असतील तर कॉईल किंवा बुश बसवून आणतो. मग त्या आट्याला मिनिटाला हजारो वेळा स्फोटाचा दाब आणि शेकडो अंशांची उष्णता सोसावी लागते, आणि गाडी वर्षानुवर्षं चालते. आता सायकलच्या मागच्या डिरेलरच्या हँगरचा आटा मोजा: 10 मिलिमीटर, अंतर 1 मिलिमीटर. तोच टॅप. म्हणजे ज्या पोलादी फ्रेमला हँगर वेगळा नसतो, तिचा आटा साफ करायचं हत्यार जिल्ह्यातल्या प्रत्येक मोटारसायकल मेकॅनिकच्या खणात पडलेलं आहे. आणि सायकलच्या दुकानात सांगितलं जातं की हे होत नाही!

महाराष्ट्रातल्या यंत्रउद्योगाची सुरुवात कुठून झाली हेही आठवून पाहा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं. पुढे चाऱ्याची कटाई यंत्रं आली, लोखंडी नांगर आले, 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली. ज्या माणसाने परदेशातून आलेली यंत्रं उघडून पाहिली, समजून घेतली आणि मग स्वतःची केली, त्याच्या राज्यात आज सायकलचं दुकान म्हणजे फक्त खोके उघडून जुळवणी करण्याची जागा व्हावी, हे दुःखाचं आहे. दुकानदाराला दोष देऊन मी थांबत नाही. कंपन्या त्याला जुळवणी शिकवतात, दुरुस्ती नाही. पण तो स्वतः जिल्ह्यातलाच आहे, आणि शेजारच्या गल्लीतला टर्नर त्याला ठाऊक आहे.

काही फ्रेम खरंच जातात. तेही स्पष्ट लिहिलं पाहिजे, नाहीतर माझ्या बोलण्याला अर्थ उरणार नाही. भोकापासून केसासारखी चीर निघाली असेल तर कॉईल बसवू नये. रंगाखालची चीर दिसत नसेल तर रंग खरवडून, रॉकेल लावून, पुसून, वर खडूची पूड टाकून बघावं. चीर असेल तर तिच्यातलं रॉकेल पुडीत रेघ बनून वर येतं. भोकाभोवती धातूच इतका कमी उरला असेल की 7.3 मिलिमीटरच्या आट्यानंतर बाजूला कागदाएवढी भिंत राहील, तर तिथेही थांबावं. कार्बनच्या फ्रेममध्ये धातूचा तुकडा चिकटवलेला असतो आणि तो सैल झाला असेल, तर ते काम टर्नरचं नाही. पण हे सगळं बघून, मोजून ठरतं. बोल्ट फिरतो आहे एवढ्यावरून ते ठरत नाही.

दुसऱ्या बाजूचीही एक टोळी आहे, आणि तिच्याशी माझं भांडण याहून कडक आहे. "वेल्डिंग मारून घे, परत भोक पाड." किंवा "आरल्डाइट भर, बोल्ट दाबून बसव." डोंगरी सायकलच्या बहुतेक फ्रेम 6061 जातीच्या ॲल्युमिनियमच्या असतात. कारखान्यात त्या जोडून झाल्यावर भट्टीत सुमारे 530 अंशांपर्यंत तापवतात, झटकन थंड करतात, आणि मग 160-175 अंशांवर तासन्‌तास ठेवतात. त्यातून ताकद येते. तयार फ्रेमवर वेल्डिंगची ज्योत लागली की सांध्याभोवतीच्या पट्ट्यात ती ताकद जवळपास निम्म्यावर उतरते, आणि परत भट्टीत घातल्याशिवाय ती येत नाही. वेल्डिंगवाला प्रामाणिक असेल, त्याची ओळ सुंदर असेल, तरीही नळी तिथेच कमकुवत झालेली असते. बाहेरून काहीच दिसत नाही आणि कधी तरी उतारावर ती मोडते. मागच्या नळीवर, जिथे ब्रेकचा सगळा झटका येतो, तिथे वेल्डिंग मारणाऱ्याने आणि मारून घेणाऱ्यानेही हा धोका समजून घ्यायला हवा. आरल्डाइट आणि एम-सील तर बोल्टच्या ओढीपुढे मिनिटभरही टिकत नाहीत. स्टँडचा स्क्रू टिकेल, ब्रेकचा नाही.

जाड बोल्ट टाकणं हा मधला मार्ग कुठे चालतो आणि कुठे नाही हेही नीट समजून घ्यावं. कॅरिअरच्या किंवा मडगार्डच्या 5 मिलिमीटरच्या कानाला 5 मिलिमीटरचं भोक करून 6 मिलिमीटरचा टॅप मारला तर उत्तम, पुष्कळ जुन्या पोलादी सायकली असंच करून चालतात. पण ब्रेकच्या बैठकीत 6 चा 8 केला तर बोल्ट कॅलिपरच्या खाचेतून जातच नाही, मग कोणी कॅलिपर कानशीने घासतो, आणि एक चूक झाकायला दुसरी होते. तिथे कॉईलच.

पेडलच्या मधल्या खोक्याची, म्हणजे बीबीची, गोष्ट वेगळी आहे आणि तिथेच सर्वांत जास्त फ्रेम विनाकारण बळी जातात. इंग्रजी पद्धतीच्या बीबीला उजवीकडचे, म्हणजे साखळीच्या बाजूचे, आटे उलटे असतात. ते उघडायला घड्याळाच्या दिशेने फिरवावं लागतं. हे माहीत नसलेला माणूस पाइप लावून उलट दिशेने जोर देतो, काहीच हलत नाही, मग अजून जोर देतो. वर्षभर पाण्यात, धुळीत राहिलेला बीबी आधीच जाम असतो. पोलाद आणि ॲल्युमिनियम ओल्यात एकमेकांना खातात. भंडारदरा-घाटघरच्या पावसात फिरलेल्या सायकलीला तर हे हमखास होतं. शेवटी सुटतो तेव्हा आटे घेऊनच बाहेर येतो. तेव्हाही फ्रेम संपत नाही. आटे अर्धे शिल्लक असतील तर बीबीचा टॅप फिरवून ते जुळतात. पूर्ण गेले असतील तर आट्यांशिवाय दोन्ही बाजूंनी एकमेकांत आवळला जाणारा बीबी मिळतो. पोलादी फ्रेम असेल तर भोक मोठं करून 36 मिलिमीटरचे इटालियन आटे मारता येतात, कारण मूळचे 34.8 मिलिमीटरचे असतात. बीबीचा टॅप महाग असतो आणि प्रत्येक गावात मिळणार नाही. त्यासाठी पुण्याला जावं लागलं तर जावं. एसटीच्या डिकीत सायकल टाकून पुण्याला जाणं फ्रेम बदलण्याच्या खर्चापुढे काहीच नाही.

"वॉरंटी जाईल" हा शेवटचा धाक. सायकल वॉरंटीत असेल तर आधी कंपनीला लेखी कळवावं, हे बरोबरच आहे, आणि मी त्याच्या विरोधात नाही. पण जास्त आवळून गेलेले आटे बहुतेक कंपन्या वापरणाऱ्याची चूक म्हणून वॉरंटीबाहेर काढतात. कंपनीने लेखी नकार दिला की गमावण्यासारखं काही उरत नाही, आणि मग दुरुस्तीचा अधिकार पूर्ण तुमचा. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली तेव्हा तिच्यापुढे शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणं आणि वाहनं होती. सायकलचं नाव त्यात वेगळं नव्हतं. ते यायला हवं. सुटा हँगर, ॲडॉप्टर, बीबीच्या मापाची माहिती, प्रत्येक बोल्टचा पीळ, हे सगळं विकतानाच ग्राहकाच्या हातात पडायला हवं. आज बऱ्याच सायकलींसोबत येणाऱ्या पुस्तिकेत ती कशी जुळवायची हे असतं, पण आटा गेला तर काय करायचं याचा एक शब्द नसतो.

नगरच्या सायकल दुकानदारांना माझी हात जोडून विनंती आहे. 5, 6 आणि 10 मिलिमीटरचे तीन टॅप, त्यांची हँडलं आणि 6 मिलिमीटरच्या कॉईलचा एक संच दुकानात ठेवा. एखादा आयटीआयमधून फिटर ट्रेडची दोन वर्षं शिकून बाहेर पडलेला मुलगा आठवड्यातून एक दिवस बोलवा. टॅपिंग, ड्रिलची मापं आणि तुटलेला स्टड काढणं हे त्याने शिकलेलंच असतं. ते जमणार नसेल तर गिऱ्हाइकाला खरं सांगा: "हे आमच्याकडे होत नाही, पण लेथवाल्याकडे होतं."

आणि सायकल चालवणाऱ्यांना: बोल्ट फिरायला लागला की तिथेच थांबा, अजून एक वेढा देऊ नका. गेलेला आटा फ्रेममध्ये आहे की ॲडॉप्टरमध्ये, माप काय, भोवती धातू किती, चीर आहे का, हे चार प्रश्न विचारा. समोरच्याला यांचं उत्तर देता आलं नाही, तर फ्रेम बदलण्याचा त्याचा सल्ला ऐकू नका. हत्यार मिळत नाही ही सबबही ऐकू नका: टोटेम छापाचे टॅप वाळूजला बनतात, नगरहून दोन-अडीच तासांच्या अंतरावर, आणि हार्डवेअरच्या चांगल्या दुकानात ते संचाने मिळतात.